तरंगती गाडी गेली कुणीकडे?

१. पांढरी चादर

"गाडी नाहीये!"

सत्यवतीची ही किंकाळी सभागृहात अशी घुमली, की खुर्च्या मांडणारी मुलं खुर्च्या हातात धरून जागच्या जागी थिजली. आभा प्रधान तोरणाची दोरी सोडून धावली आणि मधल्या टेबलापाशी येऊन थबकली. टेबलावर इस्त्रीची पांढरी चादर होती. चादरीवर रंगीत पाटी होती : 'उद्याची गाडी! मुंबई ते पनवेल, चाकांशिवाय!' आणि पाटीच्या मागे होती ती नुसती हवा.

त्या वर्षीच्या थंडीत पनवेलमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. साल एक्क्याण्णव. मुंबईहून पनवेलपर्यंत म्हणे चुंबकाची गाडी येणार होती! तिला चाकं नाहीत, ती रुळाला टेकतच नाही, चुंबकाच्या जोरावर बोटभर वर तरंगत सुसाट जाते. चहाच्या टपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत जो तो हाताचा पंजा हवेत धरून दुसऱ्याला समजावून सांगत होता. आज दुपारी चार वाजता मुंबईचे इंजिनिअर साहेब नकाशे घेऊन याच सभागृहात येणार होते, आणि त्यांच्या स्वागताला शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं. प्रदर्शनाच्या मधोमध मान होता तो नववीतल्या सत्यवतीने केलेल्या तरंगत्या गाडीचा.

आभा तिची जिवलग मैत्रीण. गाडी बनवण्यात आभाचा वाटा एवढाच, की बाजारातल्या झाडून सगळ्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांचं डोकं खाऊन तिने फुटक्या स्पीकरांची चुंबकं गोळा केली होती. गेल्या वर्षीपर्यंत हीच आभा हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा लाजायची. मग एकदा वक्तृत्व स्पर्धेत दुसरी कुणी मिळेना म्हणून तिला उभी केली, आणि ती ढाल घेऊन आली. तेव्हापासून तिला गप्प बसवणं कुणालाच जमलं नव्हतं.

"खोकाच आला नसेल शाळेतून," आभा म्हणाली.

"अशक्य!" विज्ञानाचे अवधूत सर कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "मंडपवाल्या कुमारभाऊंनी आपल्याला त्यांचे रिकामे खोके दिले, त्यात आपण सगळे प्रयोग भरले. मी स्वतः प्रत्येक खोक्यावर खडूने नाव घातलं. शाळेपाशी जितके खोके टेम्पोत चढले, तितकेच इथे उतरले. मी मोजलेत."

"आणि मी तेव्हापासून दारातच बसलेय," मुख्याध्यापिका आशालताबाई म्हणाल्या. "दार एकच आहे. बाहेर काडीसुद्धा गेलेली नाही."

म्हणजे खोके पूर्ण, दार राखलेलं, आणि गाडी गायब!

"तरंगत गेली असेल," दहावीतला इंद्रजीत मागून पुटपुटला. दोनचार जण फिसकन हसले. सत्यवतीचे डोळे भरून आले.

अवधूत सर मात्र हसले नाहीत. आवाज खाली आणून ते म्हणाले, "गाडी कोणी नेली, ते मला माहीत आहे."

२. खाडीत टाकीन

"दाजींनी," सर म्हणाले.

दाजी म्हणजे सत्यवतीचे आजोबा. विचुंबे गावचे. उंच, काटक, डोक्याला पांढरी टोपी. भाताची शेती बघायची आणि मनात येईल ते तोंडावर बोलायचं, ही त्यांची दोन कामं. मागच्या आठवड्यात ते नातीला न्यायला शाळेत आले होते, तेव्हा सरांनी मोठ्या हौसेने त्यांना नव्या गाडीची बातमी दिली. दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जानार कुठनं?" सरांनी हाताने साधारण दिशा दाखवली. ती नेमकी विचुंब्याच्या शेतांकडे गेली.

"आमच्या भातावरनं?" दाजी गरजले होते. "येऊं द्या तर खरी! मीच उचलून खाडीत टाकीन तुमची गाडी!"

तेव्हा सगळी शाळा हसली होती. आता कुणी हसलं नाही.

"आज सकाळी दाजी इथेच होते," सर म्हणाले. "कधी गेले, कसे गेले, पाहिलं कुणी?"

"मला सोडायला आलते ते!" सत्यवती म्हणाली. शाळेत ती अगदी पुस्तकातलं बोलायची, पण चिडली की घरचं बोलणं ओठांवर यायचं. "गाडी कसली बनवतेय ते मी त्यांना सांगितलंसुद्धा नाय. उगाच भडकतील म्हणून. त्यांनी अजून बघितलेलीच नाय ती!"

"असं तू म्हणतेस."

सत्यवतीने गळ्यातला प्रदर्शनाचा बिल्ला काढला आणि पांढऱ्या चादरीवर ठेवला. "सर, घरातले सगळे म्हणत होते, पोरीला पनवेलच्या शाळेत कशाला पाठवायचं. दाजी एकटे भांडले माझ्यासाठी. त्यांना चोर म्हणणार असाल तर मी साहेबांसमोर उभी राहणार नाय. आणि उद्यापासून शाळेत पण येणार नाय."

आभाने पटकन तिचा हात धरला. सत्यवती बोलायची कमी, पण बोलली की तसंच करायची. तिच्याशिवाय बाकावर बसायचं? डबा कुणाबरोबर खायचा? आणि भूमितीचं काय!

"बाई, साहेब येईपर्यंत मला वेळ द्या," ती आशालताबाईंना म्हणाली. "मी शोधते."

आशालताबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "शोध. सगळ्यांना विचार, पण कुणावर ओरडायचं नाही. आणि अवधूत सर, तोवर तुम्हीही कुणाचं नाव घ्यायचं नाही."

आभाने वेणीचा सुटलेला रिबनचा फासा करकचून बांधला. तेवढ्यात तिची नजर इंद्रजीतच्या पँटकडे गेली. त्याच्या खिशाला बाहेरून टाचण्यांचा एक झुबका लोंबत होता.

३. खिशातला झुबका

"खिशात काय आहे रे?"

"रुमाल."

"रुमालाला टाचण्या चिकटतात? बघू. आमच्याकडे नाहीयेत असले रुमाल."

इंद्रजीतने खाली पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. मघाशी तक्ते लावताना तो टाचण्यांच्या डबीला टेकून उभा होता आणि सगळ्या टाचण्या त्याच्यावर भाळल्या होत्या. खिशातून निघालं ते स्पीकरचं गोल चुंबक, भाकरीच्या छोट्या चानकीएवढं.

"चोरलंस!"

"हळू बोल गं! माझंच आहे." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "तू बाजारातली सगळी चुंबकं पळवलीस, तरी एकाकडे ही उरली होती. मीपण गाडी करत होतो. घरी. पण माझी मेली तरंगतच नाही. वर धरली की गर्रकन उलटते आणि खाली चिकटून बसते. वाटलं, आज सत्यवतीची जवळून बघू, तिची का उलटत नाही ते."

"दोन्ही बाजूंना काचेच्या पट्ट्या लावल्यात, शहाण्या. गाडी त्यांच्यामधेच राहते, उलटायला जागाच नाही."

इंद्रजीतचं तोंड उघडंच राहिलं. "एवढंच होय!" त्याच्या चेहऱ्यावर इतका खराखुरा आनंद पसरला, की आभाने मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली. ज्याने ती गाडी चोरली असती, त्याला काचेच्या पट्ट्या आधीच दिसल्या नसत्या का?

"आभा," तो मग घुटमळत म्हणाला, "एक सांगू? पण सत्यवतीला नको सांगूस. मी सकाळी दाजींना जाताना पाहिलं. कुमारभाऊंच्या टेम्पोत मागे बसून गेले."

"मग? गेले तर गेले."

"बसले होते ते एका खोक्यावर. लांबट, लाकडी. आपले होते ना, अगदी तसल्या."

४. बेल कुणाची?

मंडप डेकोरेटर कुमारभाऊ शिडीवर चढून रंगमंचाला झालर ठोकत होते. तोंडात खिळे होते, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं खिळ्यांमधून गळून जायचं.

"दाजी? हां, बसला म्हातारा टेम्पोत. 'आमच्या गावाकडंच चाललाय ना, मना पन सोडा,' म्हणाला. मी कशाला नाही म्हणू? तुमचे खोके उतरून झाल्यावर बसला. मागे राहिला तो सगळा आमचाच माल होता."

"आमचे खोके उतरवले कुणी?"

"तुमच्याच पोरांनी! माझी माणसं कुठायत मोकळी? आज मुहूर्त कसला दांडगा आहे. रोडपालीला साखरपुडा, बेलपाड्याला लग्न, विचुंब्याला हळद, इथे तुमचं हे. चार ठिकाणं आणि टेम्पो एक! म्हणून तर तुमचे खोके आमच्या मालातच घुसडले."

"कुमारभाऊ, फोन!" ऑफिसातून हाक आली. कुमारभाऊ खिळे थुंकत खाली उतरले आणि थोड्याच वेळात दाणदाण पाय आपटत परत आले. "बेलपाडावाले तोंडाला येईल ते बोलतायत! तोरणं आली नाहीत म्हणे. अरे, मी माझ्या हातांनी भरलीयत! वरात दारात येईल, तोरण नाही, नवरदेवाच्या बापाला काय दाखवू, म्हणून रडतोय तो माणूस."

आभा विचार करत मागे सरकली आणि कोपऱ्यातल्या एका खोक्यावर तिची पोटरी सणकून आपटली.

"आई गं! हेतल, तुझा खोका मधे का ठेवलायस?"

हेतल आठवीतली. तिने विजेची घंटा केली होती आणि सकाळपासून ती घंटा वाजवून तिने सगळ्यांना भंडावून सोडलं होतं.

"माझा नाही," हेतल म्हणाली. "माझी बेल तर एवढीशीच आहे. पप्पांच्या दुकानाच्या पिशवीत घालून आणली मी."

"मग यावर 'बेल.' कुणी लिहिलंय?"

खोक्यावर खडूने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'बेल.'

"मला काय माहीत? टेम्पोतून उतरवताना मुलांनी विचारलं, 'बेल कुणाची? आपलीच ना?' मी म्हटलं, हो, बेल आपलीच."

आभाच्या अंगावर काटा आला. असा गोड काटा, वक्तृत्वाच्या वेळी माईक हातात आल्यावर येतो ना, तसा. ती गुडघ्यांवर बसली, झाकणाची दोरी सोडली आणि झाकण वर केलं.

आत होती झेंडूच्या रंगाची कागदी तोरणं. थप्पीच्या थप्पी.

५. चोर बदल्यात काय ठेवतो?

"सगळे इकडे या!" आभा खोक्यावर चढून उभी राहिली. ओरडायचं नाही असं बाईंनी सांगितलं होतं, पण हे ओरडणं वेगळं होतं. "सर, तुमची मोजणी बरोबर होती. जितके चढवले तितकेच उतरले. पण तेच उतरले असं कुठे आहे? जो खोका पुढे जायचा तो इथे उतरला, आणि जो इथे उतरायचा तो पुढे गेला. आकडा जुळला म्हणून कुणाला कळलं नाही! आणि बाई दारात बसल्या त्याच्या आधीच हे झालं, म्हणून त्यांना काही दिसलं नाही. गाडी या सभागृहात आलीच नव्हती!"

"पण चोराने..." अवधूत सर म्हणाले.

"सर, चोर बदल्यात तोरणं ठेवून जातो का? हे चोराचं काम नाही, वाचण्यातली चूक आहे. कुमारभाऊ, तुमची माणसं खोक्यावर काय लिहितात?"

"काय लिहिणार? गावाचं नाव. पूर्ण लिहीत नाहीत आळशी मेले. रोडपालीचं 'रोड.', बेलपाड्याचं..." कुमारभाऊंच्या हातातला हातोडा खाली पडला. "अरे देवा! माझी तोरणं!"

"आमच्या मुलांनी 'बेल' वाचलं आणि त्यांना हेतलची घंटा आठवली. आता सर, तुम्ही सत्यवतीच्या खोक्यावर काय लिहिलं होतं?"

आता हे सांगायला हवं, की अवधूत सरांना खडू वाचवायची भारी हौस. फळ्यावर ते गुरुत्वाकर्षणाला 'गु.' म्हणत आणि प्रकाशाच्या परावर्तनाला 'प्र. प.'. परीक्षेच्या आधी मुलं एकमेकांना ही अक्षरं सोडवायला घालत.

"काय म्हणजे? जे आहे तेच," सर म्हणाले. "विद्युत चुंबकीय गाडी."

"पूर्ण?"

"छे, पूर्ण कशाला. 'वि. चुं. गा.'"

हेतलने घंटेचं बटण दाबलं. मुद्दाम दाबलं की धक्का लागला, कोण जाणे.

"वि. चुं. गा.," कुमारभाऊ सावकाश म्हणाले. "विचुंबे गाव!"

मुलांनी जो काही हलकल्लोळ केला! कुणी बाकं बडवली, कुणी शिट्ट्या घातल्या. अवधूत सर खुर्ची शोधत खाली बसले. सत्यवती रडता रडता हसत होती आणि आभाचा हात तिने इतका घट्ट धरला होता, की बोटं ठणकायला लागली.

"पण," इंद्रजीत म्हणाला, "दाजीपण विचुंब्याचेच ना? ते त्याच खोक्यावर बसून गेले. गावात पोचल्यावर त्यांनी उघडून बघितलं असेल, तर?"

सत्यवतीचा हात सुटला. तिला दाजींचा राग चांगला ठाऊक होता. विचुंब्याच्या जवळून गाढी नदी वाहते, आणि गाढीचं पाणी खाडीलाच जाऊन मिळतं.

६. विचुंबे गाव

आभाच्या सायकलवर मागे सत्यवती बसली. सायकलच्या मागे अवधूत सरांची स्कूटर, आणि स्कूटरवर मागे आशालताबाई, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने सरांचा खांदा धरून. आख्ख्या पनवेलने असली वरात कधी पाहिली नव्हती. सर्कशीची जाहिरात असेल असं वाटून दोन कुत्रीपण मागे लागली.

"सत्ये, तू वजनाला किती आहेस गं!"

"तू जोरात मार. बोलू नको."

"बोलल्याशिवाय मला पाय मारता येत नाहीत!"

नवीन पनवेलच्या अर्धवट बांधलेल्या इमारती मागे पडल्या, गाढीवरचा पूल ओलांडला आणि कापणी झालेल्या शेतांवरून बेंजोचा आवाज कानावर आला. ज्या घरी हळद होती ते सत्यवतीच्या घराला लागूनच होतं. अंगणात मांडव. पण मांडवात कुणी नाचत नव्हतं. आख्खा गाव एका बाकाभोवती कोंडाळं करून उभा होता आणि आतून कुणीतरी ओरडत होतं, "हाय, हाय, आली! बाजूला व्हा! आली!"

सत्यवती सायकल थांबायच्या आधीच उडी मारून आत घुसली.

बाकावर तिचा रूळ होता. रुळावर तिची थर्माकोलची पांढरी गाडी होती, बोटभर हवेत. गाडीच्या टपावर हळदीची वाटी होती. आणि रुळाच्या एका टोकाला दाजी उकिडवे बसले होते. एका बोटाने ते गाडीला अल्लद ढकलत, गाडी हळद घेऊन तरंगत दुसऱ्या टोकाला नवरीपाशी जाई, नवरीची आई कमळाबाई चिमूटभर हळद उचलून लेकीच्या गालाला लावी, आणि बायका टाळ्या वाजवून गाडी परत धाडत. दाजींच्या पांढऱ्या टोपीवर पिवळे ठसे उमटले होते.

"ये बाय, सत्ये!" दाजी ओरडले. "ही बघ कुमारने हलदीला कसली वस्तू धाडलीय! पोरांनी पयली उलटी ठेवली, तर बसली चिकटून. मी म्हनलं, सरका. सुलटी केली न् काय सांगू, हवेत उरालीच! आधार नाय, दोरी नाय, काय नाय!"

"दाजी," सत्यवती म्हणाली, "ती माझी आहे. मीच बनवलीय."

"तू?" दाजींनी नातीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पुन्हा नातीकडे पाहिलं. "आमच्या घरातल्या पोरीने?"

"हो. आणि ही तीच आहे. चुंबकाची. आपल्या शेतावरनं जाणार म्हणतात ना, ती."

बेंजोवाल्याने हात थांबवला. दाजींनी आपलं पिवळं बोट गाडीपासून उचललं आणि असं न्याहाळलं, की जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे. अवधूत सर मांडवाच्या तोंडाशी उभे होते.

"म्हंजे," दाजी शेवटी म्हणाले, "मी सकालपासून हिच्याच संगं खेलतोय?"

पहिल्यांदा कमळाबाईला हसू फुटलं. मग नवरीला. मग दाजींनाच असं हसू आलं, की ते उकिडवे होते ते मागे कलंडले आणि दोघांनी धरून त्यांना बसतं करावं लागलं. "आनि टेंपोत मी हिच्याच वर बसून आलो गो! मोडली असती म्हंजे!"

आभाने सरांकडे पाहिलं. काही बोलायची गरजच नव्हती, आणि आभाच्या आयुष्यात असे प्रसंग फार थोडे.

७. साहेबांना एक प्रश्न

गाडी परत पनवेलला आली ती एकटी नाही. "अशी कशी न्याल? वाटीतली हलद संपली नाय अजून," असं म्हणून कमळाबाई निघाली, तिच्या मागे करवल्या निघाल्या, त्यांच्या मागे बेंजो. नवरी तेवढी घरी राहिली, तीही कुरकुरत. मुंबईचे साहेब मोटारीतून उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला अर्धं विचुंबे पिवळ्या गालांनी उभं होतं. ही पनवेलची पद्धतच असावी असं समजून साहेबांनी वाकून नमस्कार केला. कमळाबाईने त्यांच्याही गालाला हळद लावली.

सत्यवतीने बिल्ला पुन्हा गळ्यात घातला. माईक समोर आल्यावर ती आधी अडखळली, मग पहिल्या रांगेतल्या आभाने तिला डोळे वटारून दाखवले आणि मग ती जी सुटली! चुंबकाची सारखी टोकं एकमेकांना कशी ढकलतात, काचेच्या पट्ट्या कशाला, तारेच्या गुंडाळीत वीज सोडली की गाडी पुढे कशी पळते, सगळं. बटण दाबताच गाडी सर्रकन गेली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "पण हिचा रंग असा पिवळा का?"

"सर, ही विचुंब्याचं स्टेशन घेऊन आलीय," सत्यवती म्हणाली, आणि सभागृह हसून लोटपोट झालं.

हशा थांबल्यावर अवधूत सर उठले आणि माईकपाशी गेले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आज माझ्या हातून एक गोष्ट घडली. मी खडूची चार अक्षरं वाचवायला गेलो, त्यातून गाडी हरवली. आणि ती हरवल्यावर दाजींना एका शब्दाने न विचारता मी त्यांचं नाव घेतलं. सगळ्या मुलांसमोर. म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागतो."

सगळ्या माना दाजींकडे वळल्या. दाजी उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "माफीबिफी राहू द्या, मास्तर. आमाला यकदा ढकलू द्या."

ते रंगमंचावर चढले. गाडी ढकलली. ती टोकाला जाऊन पोचेपर्यंत कौतुकाने बघत उभे राहिले. मग साहेबांकडे वळले.

"सायेब, ही हवेत चालते ना?"

"हो, आजोबा. अगदी हवेत."

"मग आमची जमीन कशाला लागते तुमाला?"

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागच्या रांगेतून इंद्रजीतने शिट्टी मारली आणि छत उडेल असा कल्ला झाला. साहेबांनी हातातल्या नकाशाकडे पाहिलं, मग गालावरची हळद पुसली. भला माणूस होता. तो हसला आणि म्हणाला, "खरं सांगू? खांब तर जमिनीवरच रोवावे लागणार."

"किती जागा लागंल खांबाला?"

साहेबांनी दोन्ही हात पसरून दाखवली. दाजींनी त्या हातांमधलं अंतर बराच वेळ निरखलं.

"जमंल," दाजी म्हणाले. "पन आदी गावात येऊन इचारायचं. मास्तरांसारखं नाय करायचं."

त्या संध्याकाळी सगळे विचुंब्याला हळदीला गेले. तोरणं बेलपाड्याला वेळेत पोचल्याचा निरोप आला तेव्हा कुमारभाऊ सगळ्यात आधी नाचायला लागले. आशालताबाई बेंजोवर नाचताना ज्यांनी पाहिल्या, त्या मुलांना पुढे वर्षभर त्यांची भीती वाटेना. आभाच्या पांढऱ्या गणवेशावरची हळद काही केल्या निघाली नाही आणि आईने तिला दोन दिवस बोलून घेतलं. अवधूत सर फळ्यावर शब्द पूर्ण लिहायला लागले. वर्ग त्यामुळे वैतागला, कारण उतरवून घ्यायला फार वेळ लागायचा.

सत्यवती दहावीला गेली, मग अकरावीला, मग इंजिनिअरिंगला. चुंबकाची गाडी मात्र आली नाही. साहेबांचे नकाशे मुंबईत कुठल्या कपाटात गेले, कुणास ठाऊक. पुढे मुंबईहून पनवेलला साधी, चाकांचीच लोकल येऊन पोचली.

दाजी मात्र ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून कुरकुरत सांगतात, "कोनी इचारायला आलाच नाय रं. मी तर हो म्हननार होतो."